माझ्या सहीशिवाय

"जपानचा पासपोर्ट सोडून भारताचा घेणार? कशाला?"

माझ्या जपानी नवऱ्याबद्दल हा प्रश्न आम्हाला माझ्या मावशांनी विचारला, मित्रांनी विचारला, प्रतिज्ञापत्र नोटरी करून देणाऱ्या वकिलांनी विचारला आणि कलेक्टर कचेरीतल्या बारनिशीत बसणाऱ्या ताईंनी तर फाईल हातात धरून अगदी काळजीने विचारला. प्रश्न चुकीचा नाहीच. जपानच्या पासपोर्टवर जगातल्या बहुतेक देशांत नुसतं तिकीट काढून जाता येतं, आणि आपल्या पासपोर्टवर कुठे जायचं म्हटलं की बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, कंपनीचं पत्र असं सगळं गोळा करत बसावं लागतं हे आपल्याला माहितीये. त्यात नवऱ्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतात आयुष्यभर राहायची, काम करायची मुभा आहे, मग हातातला चांगला पासपोर्ट का सोडायचा? याचं उत्तर आम्ही बरीच वर्षं बोलत, भांडत, कायदा वाचत शोधलंय आणि ते कोणाला उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून इथे सगळंच लिहून काढतेय.

आमचं लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं, १९५४ चा कायदा, ३० दिवस आधी नोटीस द्यायची, ती ऑफिसच्या बोर्डावर लागते आणि कोणाची हरकत असेल तर त्याने यायचं. त्याच्या वकिलातीकडून लग्नाला अडचण नसल्याचा दाखला आणला. लग्न झालं, सर्टिफिकेट हातात आलं आणि घरच्यांना वाटलं झालं, आता जावई इथला. पण लग्नाचं सर्टिफिकेट म्हणजे राहायचा परवाना नव्हे. पहिली काही वर्षं तो एंट्री व्हिसावर होता आणि त्याची मुदत वाढवायची वेळ आली की बाकीच्या कागदांबरोबर एक पत्र माझं लागायचं. हा माझा नवरा आहे, आमचं लग्न टिकून आहे, आम्ही एकत्र राहतो, याच्या इथल्या राहण्याची जबाबदारी माझी. खाली माझी सही. २०१८ पासून हे काम ऑनलाइन झालंय, पूर्वीसारखं एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात टोकन घेऊन बसावं लागत नाही, पण पत्र तेच.

एका वर्षी हे कागद टेबलावर पडलेले होते, माझं पत्र प्रिंट काढून तयार, फक्त सही राहिलेली, आणि त्याच संध्याकाळी आमचं जोरदार वाजलं. विषय घरातलाच, माझ्या माहेरची माणसं न सांगता येतात-जातात त्यावरून, आणि एरवी तो असा विषय सोडत नाही, आवाज चढवत नाही पण शेवटपर्यंत बोलतो, स्वतःचं म्हणणं मांडल्याशिवाय उठत नाही. त्या दिवशी मात्र मध्येच थांबला, "बरं, तू म्हणशील तसं" म्हणाला आणि उठून भांडी घासायला लागला. मी सही केली, कागद अपलोड झाले, विषय मिटला. खूप नंतर, ओसीआय कार्ड घरी आल्यावर, असंच बोलता बोलता म्हणाला, "त्या दिवशी वाटलं, आधी सही होऊ दे."

हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. मी सही अडवून धरली असती का? मुळीच नाही, आणि हे त्यालाही पक्कं माहीत होतं. माहीत असूनही तो गप्प बसला. म्हणजे आमच्या दोघांच्या मध्ये एक कागद होता आणि त्या कागदाने मी काही न करता, न मागता मला वरचढ करून ठेवलं होतं. नवरा-बायकोच्या भांडणात दोघांनाही तावातावाने बोलता आलं पाहिजे, दार आपटून बाहेर पडता आलं पाहिजे आणि तासाभराने परत येऊन चहा टाकता आला पाहिजे. ज्याला मनाच्या कोपऱ्यात देश सोडावा लागण्याची भीती ठेवून भांडावं लागतं, तो नीट भांडूच शकत नाही, आणि ज्याला नीट भांडता येत नाही तो नीट जवळही येऊ शकत नाही असं माझं ठाम मत झालंय. आपल्याकडच्या किती मुली लग्न करून डिपेंडंट व्हिसावर परदेशात जातात, अमेरिकेत एच-४ वर राहतात, नवऱ्याचा व्हिसा आहे तोवर त्यांचा. बहुतेक नवरे चांगलेच असतात, मला मान्य आहे. पण जो चांगला नाही त्याच्या हातात केवढं मोठं हत्यार दिलेलं असतं याचा विचार आपण मुलीला निरोप देताना करत नाही. माझ्या बाबतीत ते हत्यार माझ्या हातात होतं आणि मला ते नको होतं.

आता ओसीआयचं. २०१५ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी ओसीआय कार्डाची सोय झाली, अट अशी की लग्न नोंदवलेलं असावं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं तरी टिकलेलं असावं. ते कार्ड आल्यावर आमचं आयुष्य खरंच सोपं झालं, दर वेळची मुदतवाढ संपली, माझं पत्र संपलं. त्या कार्डावर मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि २०२१ च्या अधिसूचनेपासून संशोधन किंवा पत्रकारिता करायची तर वेगळी परवानगी काढावी लागते. यातलं बरंचसं एक वेळ चालवून घेता येईल. पण त्याच कायद्याच्या ७डी कलमात कार्ड कशाकशाने रद्द होऊ शकतं याची यादी आहे आणि त्यात घटस्फोट आहे! जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड लग्न मोडल्यावर जाऊ शकतं, मग त्या माणसाने इथे अर्धं आयुष्य काढलेलं असो, कामधंदा इथे असो, मुलं इथल्या शाळेत असोत. आजी-आजोबा भारतीय होते म्हणून ज्याला कार्ड मिळालं, त्याला हा धोका नाही. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की माझी सही गेलेली नाहीये, फक्त दिसेनाशी झालीये.

नागरिकत्वाचं तसं नाही. अर्ज करताना लग्नाचा आधार लागतो, पण एकदा नागरिक म्हणून नोंदणी झाली की पुढे आमचं पटो न पटो, मी असो नसो, ते त्याचं. लोक म्हणतात केवढं प्रेम, बायकोसाठी देश सोडतोय. खरं तर हे माझ्यासाठी नाहीच. त्याने इथे राहावं ते त्याला इथे राहावंसं वाटतं म्हणून, आणि माझ्याबरोबर राहावं ते मी त्याला आवडते म्हणून, आणि या दोन गोष्टींची गाठ कुठल्याही ऑफिसने मारू नये एवढंच आमचं म्हणणं. उद्या आम्ही वेगळे झालो तरी याच गावात, याच मित्रांमध्ये, याच कामात त्याला राहता यावं असं मला मनापासून वाटतं, आणि हे बोलून दाखवलं की नातेवाईक कानावर हात ठेवतात.

कायदा वाचायला लागले तेव्हा अजून एक गोष्ट कळली. १९५५ च्या मूळ नागरिकत्व कायद्यात लग्नाच्या आधारावर नोंदणीची सोय फक्त बायकांसाठी होती. भारतीय पुरुषाची परदेशी बायको अर्ज करू शकायची, भारतीय बाईचा परदेशी नवरा नाही. गेल ऑमव्हेट आठवा, अमेरिकेत जन्मलेल्या, बर्कलेला शिकलेल्या, इथल्या ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करायला म्हणून आल्या, भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या, मराठीतून भाषणं केली, आणि १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. सोनिया गांधींचं लग्न १९६८ चं, नागरिकत्व त्यांनाही १९८३ मध्येच मिळालं. त्याच साली एखाद्या मराठी बाईचा जपानी नवरा लग्नाच्या आधारावर अर्ज घेऊन गेला असता तर त्याला परत पाठवलं असतं, कारण कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात बाई नवऱ्याच्या घरी जाते हेच एक चित्र होतं, नवरा बायकोच्या देशात येऊन राहील हे त्यात बसतच नव्हतं. १९८६ च्या दुरुस्तीने ते बदललं, स्त्री असो की पुरुष, जोडीदाराला अर्ज करता येऊ लागला, त्याबरोबर पाच वर्षं इथे राहण्याची अट आली, आणि २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षं झाली. त्याच दुरुस्तीने अजून एक गोष्ट गेली, आधी जोडीदार वारल्यावरही या रस्त्याने जाता यायचं, आता लग्न चालू असायला लागतं. यावर फारसं कोणी बोलत नाही आणि मला ते फार टोचतं. ज्याची बायको वारली त्या माणसाला सांगायचं की आता तुझा रस्ता वेगळा, तुझी वर्षं पुन्हा मोज?

बाकीचं जग काही फार पुढे नव्हतं. अमेरिकेत १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं. कॅलिफोर्नियातल्या एथेल मॅकेन्झी स्वतः बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या, तो मिळाला आणि त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या तर नवरा ब्रिटिश म्हणून नाव घेतलं नाही, आणि १९१५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यांच्या विरोधात निकाल दिला. १९२२ पासून तो कायदा सुटत गेला. नवऱ्याच्या जपानमध्ये १९८५ पर्यंत परदेशी माणसाशी लग्न केलेल्या जपानी बाईच्या मुलाला तिच्याकडून जपानी नागरिकत्व मिळत नव्हतं, वडील जपानी असले तरच. आणि आपल्याकडे परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्याने भारतीय नागरिकत्व मिळायला १९९२ साल उजाडावं लागलं. हे सगळं माझ्या आईच्या पिढीचं आहे, फार लांबचं नाही, आणि म्हणून नवऱ्याचा अर्ज माझ्या नात्याने भरला गेला तेव्हा मला जे वाटलं त्यात अभिमान होता हे मी लपवणार नाही.

सात वर्षांची अट ऐकायला सोपी वाटते पण तिचा हिशोब असा की अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग भारतात, आणि त्याच्या आधीच्या ८ वर्षांत मिळून किमान ६ वर्षं. पासपोर्टवरचे शिक्के काढून बसायचं, कधी गेलो कधी आलो, एकेक तारीख लिहायची. आणि ते शेवटचे सलग १२ महिने म्हणजे खरी परीक्षा. आमचे ते चालू असताना तिकडे सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. २०१५ च्या दुरुस्तीत एक सूट आहे, खास कारण असेल तर केंद्र सरकार या १२ महिन्यांत जास्तीत जास्त ३० दिवसांची गैरहजेरी माफ करू शकतं, पण ते सरकारने ठरवायचं, आपण जाऊन आल्यावर ते मानतील की नाही हे आधी कळत नाही. त्याने तिकीट बघून ठेवलेलं. सासूबाईंनीच सांगितलं येऊ नकोस, नणंद आहे, ती बघेल. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तिकडे सकाळी सातला त्यांना व्यायाम करायला उठवायचे तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेतीन, आणि हा रोज अलार्म लावून उठायचा, फोनवर त्यांच्याबरोबर आकडे मोजायचा, एक दोन तीन, पाय वर, पाय खाली. मी आतल्या खोलीतून ऐकत पडलेली असायचे. या अर्जात जे काही द्यावं लागलं त्यातलं सगळ्यात जड हेच होतं, फी आणि कागद आणि हेलपाटे यांचं मला काही वाटत नाही.

फाईलचा प्रवास एकदा समजून घेतला की जीव थोडा शांत होतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचे, तिथून चौकशीला जातं, जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल राज्य सरकारकडे, राज्याकडून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे, आणि शेवटचा निर्णय दिल्लीत. आमच्याकडे चौकशीला आलेले हवालदार फार सभ्य होते, बूट बाहेर काढून आत आले, नवऱ्याशी मराठीत बोलले, मग शेजारच्या काकूंकडे गेले. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं, हा किती वर्षं बघण्यात आहे, काकांना रात्री अ‍ॅटॅक आला तेव्हा गाडी कोणी काढली, दवाखान्यात कोण बसलं. सांगून झाल्यावर हवालदार उठले तेव्हा काकू एकदम घाबरल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझ्या बोलण्यावर त्याचं काही अडणार तर नाही ना?" ते हसले, म्हणाले नाही हो. पण मला काकूंचं ते घाबरणं अगदी आतपर्यंत समजलं. कोणाच्या तरी राहण्याचा निर्णय आपल्या शब्दावर टेकलाय हे कळलं की चांगल्या माणसाला असंच वाटतं.

त्याच्या बाजूने काय जाणार तेही सांगते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, अर्जातच लिहून द्यावं लागतं की मंजूर झालं तर आधीचं सोडीन. जपानचा कायदाही तसाच, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जपानचं आपोआप जातं. तिथे कोसेकी नावाचं कुटुंबाचं रजिस्टर असतं, जन्म, लग्न, मृत्यू सगळं त्यात. परदेशी माणसाशी लग्न केलं की जपानी व्यक्तीचं स्वतःचं वेगळं कोसेकी तयार होतं, आणि परदेशी जोडीदाराची त्यात फक्त नोंद असते, कुटुंबातली व्यक्ती म्हणून जागा नसते. त्याच्या कोसेकीत तो एकटाच आहे. मी त्याच्या माहितीच्या रकान्यात आहे, कोणाशी लग्न केलं तर हिच्याशी. नागरिकत्व गेल्याचं कळवलं की त्याचं नाव निघेल, आणि त्यात दुसरं कोणीच नसल्याने ते पानच बंद होईल. त्याची उताऱ्याची प्रत आमच्याकडे आहे, लग्नाच्या वेळी आणलेली. एकदा ती काढून बराच वेळ बघत होता. मी विचारलं, थांबायचं का? अजून थांबता येईल. तो म्हणाला, "नाही. वाईट वाटतंय, पण म्हणून थांबायचं नाहीये." मला हे उत्तर फार आवडलं कारण त्यात वाईट वाटण्याला जागा होती.

आम्ही उलटही विचार केला होता बरं का. मी जपानची नागरिक व्हायचं. तिथे नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षं राहिल्यावर, किंवा लग्नाला तीन वर्षं होऊन एक वर्ष राहिल्यावर अर्ज करता येतो, म्हणजे वर्षांच्या बाबतीत आपल्यापेक्षा कमी. पण मग माझं भारतीय नागरिकत्व गेलं असतं, आणि आमचं काम, घर, माणसं सगळी इथे. जिथे राहतो तिथे मत देता आलं पाहिजे, तिथल्या रस्त्याबद्दल, शाळेबद्दल, पाण्याबद्दल तक्रार हक्काने करता आली पाहिजे, एवढ्या साध्या कसोटीवर आम्ही ठरवलं. तो इतकी वर्षं इथे टॅक्स भरतोय आणि प्रत्येक निवडणुकीच्या दिवशी मला केंद्रापर्यंत सोडून बाहेर उभा राहतो.

नागरिकत्व मिळाल्यावर सगळं एकदम सारखं होतं असंही नाही, हे या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने वाचून घ्यावं. कायद्याच्या कलम १० प्रमाणे असं नोंदणीने मिळालेलं नागरिकत्व काही कारणांनी काढून घेता येतं, फसवून मिळवलं असेल तर, राज्यघटनेशी बेइमानी केली तर, नोंदणीनंतर पाच वर्षांच्या आत दोन वर्षांची किंवा जास्त शिक्षा झाली तर, सलग सात वर्षं देशाबाहेर राहिला तर, अशी यादी आहे. मी जन्माने नागरिक असल्यामुळे मला यातलं काहीच लागू नाही, आणि हा फरक मला पटत नाही. पण त्या यादीत घटस्फोट नाही. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचलीये, नाहीये.

फाईल आता दिल्लीत आहे. मंजुरीचं पत्र आलं की राज्यघटनेशी निष्ठा राखीन अशी शपथ घ्यायची, मग सर्टिफिकेट, मग मतदार यादीसाठी फॉर्म ६.

आणि सासूबाई. त्यांना हे सगळं नवऱ्याने अर्ज भरायच्या आधीच सांगितलं होतं, त्या चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत, पण एवढ्यात त्यांनी एक वेगळीच गोष्ट काढली. भारतीय पासपोर्टवर जपानमध्ये नातेवाइकाकडे जायचं तर व्हिसा लागतो आणि त्यासाठी सहसा तिथल्या माणसाचं निमंत्रणपत्र आणि हमीपत्र लागतं, याच्या राहण्याची, खर्चाची, परत जाण्याची हमी मी घेते असं. ही माहिती त्यांनी स्वतःच कुठूनतरी काढली आणि फोनवर विचारलं, म्हणजे तुझी हमी आता मी द्यायची का? आणि मी नसले तर? त्याने समजावलं, ताई देऊ शकते, शिवाय जपानी माणसाचं मूल म्हणून तिथे राहायचा परवाना वेगळा मागता येतो, दार अगदी बंद होत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, हमीपत्राचा नमुना कुठे मिळतो तेही लिहून घेतलं. पण स्वतःच्या मुलाने घरी यायचं तर आईने हमी द्यायची ही गोष्टच चुकीची आहे, हे त्यांचं म्हणणं त्यांनी सोडलेलं नाही, दर फोनला एकदा तरी काढतात, आणि नवरा माझ्याकडे बघतो की तू तरी सांग. मी काय सांगणार, मी त्यांच्याच बाजूची आहे.